जाळी लावा, पण मोजून!

हॉस्टेलमध्ये प्रत्येकाला एक टोपणनाव मिळतं आणि ते का मिळालं हे बहुतेकांना घरी सांगता येत नाही. माझं मात्र सांगण्यासारखं आहे. आमच्या विंगमध्ये मला ‘जाळीवाला’ म्हणतात. मेसच्या रांगेत, लायब्ररीत, एवढंच काय, व्हायव्हाला आत जाताना शिपाईमामासुद्धा “जाळीवाले, तुमचा नंबर!” असं म्हणतात. ही पदवी मला एका जुन्या फोर्ड गाडीने आणि वीस ग्रॅमच्या एका खडीने दिली. आज त्या खडीविषयी लिहायचं आहे, कारण त्यानिमित्ताने मला एक मत पक्कं झालं आहे आणि ते आपल्या मासिकात भांडून मांडावं असं फार दिवस वाटत होतं.

माझे चुलत आजोबा वाईला राहतात. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांच्याकडे १९३० सालची फोर्ड मॉडेल ए आहे. चार सिलिंडर, ३.३ लिटरचं इंजिन आणि शक्ती फक्त ४० हॉर्सपॉवर! आजच्या साध्या हॅचबॅकचं इंजिन याच्या निम्म्याहून लहान असतं आणि ताकद जवळजवळ दुप्पट. पण आबांपुढे हे बोलायची सोय नाही. त्यांच्या लेखी ती गाडी नाहीच, ती ‘म्हातारी’ आहे. “म्हातारीला उन्हात उभी करू नका रे”, “म्हातारीला आज खोकला झालाय”, असं त्यांचं चालू असतं.

तर झालं असं. पाचगणीला जुन्या गाड्यांचा मेळावा होता. दिवाळीनंतरचे दिवस, पाऊस संपून रस्त्यांची डागडुजी निघालेली. पसरणी घाटात जागोजाग खडी पसरलेली होती. आबा चालवत होते, मी शेजारी. समोरून खडीने भरलेला, ताडपत्री न टाकलेला एक डंपर उतरत आला. तो शेजारून गेला आणि पुढे ‘टक्’ असा आवाज झाला. इतका बारीक की आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. दोन वळणं गेल्यावर गरम वास यायला लागला. मग बॉनेटच्या फटींतून वाफ. गाडी थांबवून पाहतो तर रेडिएटरच्या मधोमध एक खळगा आणि त्यातून पाण्याची बारीक धार.

तुम्ही म्हणाल, तापमानाचा काटा नव्हता का? होता, पण तो रेडिएटरच्या झाकणावर. त्या काळी झाकणातच बसवलेला थर्मामीटर मिळायचा, त्याला मोटोमीटर म्हणत. तो वरच्या टाकीतल्या वाफेचं तापमान दाखवतो. पाणी भरलेलं असेल तोवर तो खरं बोलतो. पाणी खाली गेलं की त्याला नुसती हवा लागते आणि तो शहाण्यासारखा गप्प बसतो. म्हणजे ज्या वेळी ओरडायला हवं, नेमक्या त्याच वेळी मौन! आपल्याकडे अशी माणसंही असतात. असो.

एक ट्रकवाला थांबला. त्याने लगेच सांगितलं, “काका, हळद टाका, गळती बंद होईल.” हा आपल्याकडचा जुना घाटी उपाय. हळद भोकात जाऊन बसते हे खरं, पण ती काही फक्त भोकच शोधत जात नाही. चांगल्या नळ्यांतही ती तितक्याच आपुलकीने बसते. आबांनी हात जोडून नको म्हटलं. गाडी टेम्पोवर चढवून खाली आणली. इंजिनाचं हेड गॅस्केट गेलं होतं. आणि रेडिएटरच्या दोन नळ्या फुटल्या होत्या.

खरी गोष्ट इथून सुरू होते.

साताऱ्यात एक म्हातारे मिस्त्री आहेत, रेडिएटरचं काम करणारे. त्यांनी रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला, एका तोंडाने हवा भरली आणि बुडबुडे कुठून येतात ते बोटाने दाखवलं. मग म्हणाले, “या दोन नळ्या मी वरून-खालून झाळून बंद करतो. गाडी चालेल. पण पुन्हा दगड लागला तर आणखी दोन बंद. असं करत करत एक दिवस रेडिएटर नुसता शोभेचा राहील.” मी विचारलं, नवीन कोअर बनवाल का? ते हसले. म्हणाले, “पोरगा आता अॅल्युमिनियमचे तयार रेडिएटर विकतो. तांब्या-पितळेचं हे काम माझ्यानंतर इथे कोण करणार?”

त्या एका वाक्याने माझी झोप उडवली. दगडाने दोन नळ्या गेल्या होत्या, त्या मिस्त्रींनी बुजवल्या. पण मिस्त्री गेल्यावर बुजवणार कोण? म्हणजे म्हातारीच्या नळ्या मोजक्या आणि तिच्या डॉक्टरचे दिवसही मोजकेच.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: जुनी गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर तिच्या रेडिएटरपुढे जाळी हवीच. पण ती काढता येणारी हवी, गाडीला एकही नवीन भोक न पाडता बसवलेली हवी आणि मुख्य म्हणजे हिशोब करून निवडलेली हवी.

आता विरोधी पक्षाचं ऐकू. पहिले विरोधक खुद्द आबाच. “जाळी लावली की म्हातारी तुरुंगात टाकल्यासारखी दिसते. कंपनीने दिली तशीच ठेवायची!” हा अस्सलपणाचा मुद्दा जुन्या गाड्यांच्या जगात फार वजनदार आहे आणि तो मला मान्यही आहे. पण अस्सल म्हणजे काय, हे तरी नीट पाहायला नको का?

आजच्या गाडीत रेडिएटर लपलेला असतो. पुढे बंपर, ग्रिल, त्यामागे एसीचा कंडेन्सर आणि मग रेडिएटर. जुन्या गाडीत रेडिएटर हाच गाडीचा चेहरा. छाती पुढे काढून तो रस्त्याला सामोरा जातो. आणि तो नाजूक आहे तो कुणाच्या हलगर्जीपणामुळे नाही, त्याचं कामच तसं आहे. विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मर्सिडीज ३५ एचपीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, त्यात ६ मिलिमीटर बाय ६ मिलिमीटरच्या ८०७० चौकोनी नळ्या होत्या. थोड्या जागेत हवेला लागणारा पृष्ठभाग जास्तीत जास्त बसवायचा, तर पत्रा पातळ हवा आणि मार्ग अरुंद हवेत. हीट ट्रान्सफरच्या पेपरला आपण हेच लिहून मार्क मिळवतो. जे पाण्याला चटकन थंड करतं, ते दगडाला सोसत नाही. दोन्ही एकाच पत्र्याकडून मागता येत नाही. म्हणून सोसण्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागतं.

आणि हे त्या काळच्या लोकांना चांगलं माहीत होतं. १९२३ साली फ्रान्समध्ये ल मां इथे २४ तासांची शर्यत पहिल्यांदा झाली. रस्ता कच्चा, खडीचा. जॉन डफ आणि फ्रँक क्लेमंट बेंटली चालवत होते. दगडाने त्यांच्या गाडीचा दिवा फुटला. पुढे पेट्रोलच्या टाकीलाही दगडानेच भोक पडलं आणि गाडी रस्त्यातच थांबली. डफ धावत पिटला आला आणि क्लेमंट पेट्रोल घेऊन चक्क सायकलवरून गाडीकडे गेला! इतकं होऊनही ते चौथ्या क्रमांकावर आले. पुढच्या वर्षी, १९२४ ला, हीच जोडी दिव्यांवर जाळी लावून आणि टाकीला संरक्षण देऊन आली, आणि शर्यत जिंकली. अर्थात फक्त जाळीमुळे जिंकली असं मी म्हणणार नाही, नाहीतर आमचे सर लगेच ‘व्हेरिएबल किती बदलले?’ म्हणून विचारतील. पण दगडाने शिकवलेला धडा त्यांनी घेतला, हे नक्की. नंतरच्या शर्यतीच्या बेंटलींचे फोटो पाहा, रेडिएटरपुढे जाळी दिसेल. फोर्ड मॉडेल ए साठीसुद्धा रेडिएटरची जाळी जादा सामान म्हणून बाजारात मिळायची. म्हणजे जाळी हा आमचा आगाऊपणा नाही, ती त्या काळाचीच आहे. हे सांगितल्यावर आबा दोन दिवस बोलले नाहीत. आमच्याकडे यालाच संमती म्हणतात.

दुसरे विरोधक म्हणतात, एवढी काळजी आहे तर गाडी चालवताच कशाला? ट्रकवर चढवा, प्रदर्शनात उतरवा, पुसा, परत आणा. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येतं आणि त्यांच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशा गाड्या रोजच्या वापराला काढता येत नाहीत, पण रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल यासाठी रस्त्यावर आणता येतात. म्हणजे कायद्यालाही या गाड्या काचेच्या कपाटातच राहाव्यात असं वाटत नाही. आणि उभ्या गाडीचं काय होतं हे हॉस्टेलच्या स्टँडमध्ये मागच्या बॅचने सोडलेल्या सायकली पाहिल्या की कळतं. रबर कडक होतं, सील सुकतात, पाण्याच्या वाटेत गंज बसतो. चालणं हाच तिचा व्यायाम. शिवाय आबांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. त्यांना म्हातारी चालवू नका म्हणणं म्हणजे नेमकं काय म्हणणं आहे, हे त्या लोकांनी एकदा वाईला येऊन त्यांच्या तोंडावर बोलून बघावं.

तिसरे विरोधक आपलेच, मेकॅनिकलचे. “अॅल्युमिनियमचा नवीन रेडिएटर बसव, जुना माळ्यावर ठेव, विषय संपला.” ज्याला तसं करायचं त्याने करावं, मी पोलीस नाही. पण मग माळ्यावर ठेवलेला चेहरा आणि रस्त्यावर फिरणारा मुखवटा अशी विभागणी होते. साधी जाळी तो प्रश्न सोडवत असताना चेहराच बदलायचा, हे दात दुखतो म्हणून कवळी बसवण्यासारखं आहे.

आता जाळी ‘मोजून’ का, ते सांगतो. कारण पहिल्या वेळी आम्ही न मोजता लावली आणि तोंडावर आपटलो. मी आणि माझ्या रूम पार्टनरने खिडकीला लावायची मच्छरांची जाळी आणली आणि प्लॅस्टिकच्या टायने थेट रेडिएटरला बांधली. वाटलं, जितकी बारीक तितकी चांगली, दगड काय, डासही आत जाणार नाही! आबांनी कपाळावर हात मारला, पण येऊ दिलं. घाटाच्या अर्ध्यातच पाणी उकळलं. जाळी पाहिली तर धूळ, किडे आणि वाळक्या गवताने ती चक्क गोधडी झाली होती. शिवाय गाडीच्या हादऱ्यांनी जाळी पंख्यांवर घासून तिथे चकाकणारे ओरखडे पडले होते. रक्षकानेच चोरी केली!

मग मुकाट्याने वही काढली. दगड समजा वीस ग्रॅमचा, म्हणजे साधारण सुपारीएवढा. आपण ताशी ३० किलोमीटरने वर जातोय, डंपर ४० ने खाली येतोय. दगड डंपरच्याच वेगाने येतोय असं धरलं तर सापेक्ष वेग ताशी ७० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण १९.४ मीटर. गतिज ऊर्जा सुमारे ३.८ ज्यूल. आकडा किरकोळ वाटतो ना? एक किलोचा हातोडा ३९ सेंटिमीटर उंचीवरून सोडला तर तेवढीच ऊर्जा. आणि हातोड्याला सपाट तोंड असतं, खडीला धारदार कोपरा. तो कोपरा पातळ पितळेवर टेकला की काय होणार, हे सांगायला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स क्लिअर असायची गरज नाही.

पण यातच एक दिलासाही आहे. दगडाचं वजन त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे बदलतं. व्यास निम्मा झाला की वजन आठवा हिस्सा. सुपारीएवढा २४ मिलिमीटरचा दगड वीस ग्रॅमचा असेल, तर हरभऱ्याएवढा, १० मिलिमीटरचा, जेमतेम दीड ग्रॅमचा भरतो. त्याच वेगाला त्याची ऊर्जाही चौदावा हिस्साच. म्हणजे जाळीने प्रत्येक कणाला अडवायची गरज नाही. मोठ्यांना अडवायचं, बारक्यांना जाऊ द्यायचं. आपल्या वॉर्डनसाहेबांनीही या तत्त्वावर विचार करावा अशी नम्र विनंती.

मग दुसरी बाजू, हवेची. तारेची जाडी आणि दोन तारांमधलं अंतर माहीत असेल तर जाळीत मोकळी जागा किती ते सहज काढता येतं: एकातून जाडी भागिले अंतर वजा करा आणि उत्तराचा वर्ग करा. १६ गेजची, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटरची तार १२ मिलिमीटर अंतरावर घेतली तर मोकळी जागा ७५ टक्के. तीच तार ६ मिलिमीटरवर घेतली तर ५४ टक्क्यांवर येते. मच्छरजाळीची मोकळी जागा कागदावर फार वाईट दिसत नाही, तार बारीक असते ना! पण तिची छिद्रं इतकी लहान असतात की हवेला प्रत्येक छिद्रात घासत जावं लागतं आणि कचरा एका फेरीत ती बुजवून टाकतो. वहीतला आकडा स्वच्छ जाळीचा असतो, रस्त्यावरची जाळी स्वच्छ नसते, हे आम्ही पाणी उकळवून शिकलो.

आणि जुन्या गाडीला इथे चूक परवडत नाही. आजच्या गाडीत झाकण दाब धरून ठेवतं, साधारण एक बार, त्यामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. मॉडेल ए चं पाणी उघड्यावरच्या पातेल्यासारखं. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर, तिथे ते ९६ अंशांच्या आसपासच उकळणार. वर घाट, कमी वेग, म्हणजे पुढून येणारी हवा कमी, आणि इंजिनावर ताण जास्त. सगळ्या गोष्टी एकाच वेळी विरोधात. म्हणून जाळीमुळे हवा किती कमी होते हे पाहिल्याशिवाय ती लावणं म्हणजे दगडापासून वाचवून आगीत टाकणं.

शेवटी आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून वाळू चाळायची जाळी आणली, १२ मिलिमीटरची. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये पट्टीची चौकट वाकवली, जाळी तिच्यात धरली. चौकट आणि रेडिएटर यांत २५ मिलिमीटर अंतर ठेवलं, म्हणजे दगडाच्या माराने तार आत वाकली तरी नळीला टेकणार नाही. जिथे चौकट गाडीला टेकते तिथे सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. लोखंड आणि पितळ ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की गंज लवकर धरतो, आणि रबराने आवाजही थांबतो. गाडीचे मूळ बोल्टच वापरले, ड्रिलला हात लावला नाही. हँडल मारायची जागा मोकळी सोडली. चार नट सैल केले की पाच मिनिटांत जाळी हातात. मेळाव्यात पोचल्यावर आबा ती काढून डिकीत टाकतात, फोटो झाले की परत लावतात. आबांचा मान राहिला, म्हातारीचा चेहरा राहिला, आणि त्याच घाटात त्याच ओझ्याने आम्ही न उकळता वर पोचलो. घरी आल्यावर जाळी ब्रशने झाडायची, एवढंच एक काम वाढलं.

गेल्या उन्हाळ्यात त्या जाळीतल्या एका चौकोनाची तार आत वाकलेली दिसली. कधी लागला तो दगड, आम्हाला कळलंही नाही. आबांनी त्या वाकलेल्या तारेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “अरे, ही सरळ करू नकोस. राहू दे.” मला वाटतं, जाळीच्या बाजूने यापेक्षा मोठं मत कुणी देणार नाही.

जाता जाता दोन गोष्टी. एक, खडीच्या डंपरवर ताडपत्री टाकणं हा जाळीपेक्षा स्वस्त उपाय आहे आणि त्याने नुसत्या जुन्या गाड्याच नव्हे, मोटारसायकलवाल्यांचे डोळेही वाचतील. ज्यांच्या हातात हे आहे त्यांना कुणीतरी सांगा.

दुसरी आपल्यासाठी. फायनल इयरला आपल्यातले बरेच जण प्रोजेक्ट विकत आणतात, हे सरांनाही माहीत आहे आणि सरांना माहीत आहे हे आपल्यालाही माहीत आहे! चकचकीत मॉडेल, जाडजूड रिपोर्ट, आणि व्हायव्हाला ‘याचा उपयोग काय?’ विचारलं की शांतता. त्यापेक्षा आपापल्या गावात बघा. कुणाकडे जुनी जीप आहे, कुणाच्या शेतात जुना ट्रॅक्टर आहे, त्यांचेही रेडिएटर असेच दगड खातात. एक जाळी करा, पण तिची मोकळी जागा मोजा, जाळीसकट आणि जाळीविना तापमान घ्या. आणि सरांनो, आपणही एक करा: साताऱ्याच्या त्या मिस्त्रींसारख्या कुणाला तरी एक दिवस वर्कशॉपमध्ये बोलवा, आणि पितळेच्या नळीला झाळ कशी देतात ते आम्हाला शिकू द्या. सिलॅबसमध्ये नाही, मान्य. पण दगड काही सिलॅबस वाचून येत नाही.

मला ‘जाळीवाला’ म्हणा, हरकत नाही. फक्त पुढच्या वर्षी या नावाचे आणखी दोन-चार जण हॉस्टेलमध्ये तयार व्हावेत, एवढीच इच्छा.

— एक ‘जाळीवाला’, अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी